रक्तातला एक मणी : सिकलसेल समजून घेऊ या

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. ‘पोराला एसएस निघाला’, ‘सून एएस पॅटर्नची आहे’, ‘त्या घरात सोयरीक नको, तिथे सिकल आहे’ अशी वाक्ये कानावर पडत असतात. पण हा आजार नेमका कशाने होतो, वाहक आणि रुग्ण यांत फरक काय, औषध घेतल्याने शरीरात काय घडते, असे विचारले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे. कुणी म्हणते रक्तच खराब आहे. कुणी म्हणते आईच्या अंगातून आले. कुणी बाहेरची बाधा समजून गंडादोरा बांधते. या गोंधळात मुलाचे उपचार मागे पडतात आणि सुनेला मात्र जन्मभर बोल लागतो.

म्हणून या अंकात आम्ही हा आजार मुळापासून मांडत आहोत. त्यासाठी दोन शब्द समजून घ्यावे लागतील : जनुक आणि प्रथिन. हे दोन शब्द कळले की सिकलसेल तर कळतोच, पण त्यावरची औषधे तशी का आहेत, हेही उमगते.

जनुक म्हणजे चिठ्ठी, प्रथिन म्हणजे माळ

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, दूध आठवते. ते बरोबरच आहे. पण खाल्लेले प्रथिन शरीर जसेच्या तसे वापरत नाही. पोटात त्याचे बारीक तुकडे होतात. या तुकड्यांना अमिनो आम्ल म्हणतात आणि त्यांचे मुख्य वीस प्रकार आहेत. ते मण्यांसारखे समजा. शरीर हे मणी पुन्हा हव्या त्या क्रमाने ओवते आणि स्वतःची हजारो प्रकारची प्रथिने तयार करते. स्नायू, केस, अन्न पचवणारे रस, रक्तातला लाल रंग, ही सगळी प्रथिनांची कामे.

कोणता मणी कुठे ओवायचा, हे कोण सांगते? ते जनुक सांगते. आपल्या पेशींत आईवडिलांकडून आलेला डीएनए असतो. त्याची लिपी फक्त चार अक्षरांची आहे. या अक्षरांत लिहिलेली एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक जनुक. चिठ्ठीत जसे लिहिले तशी माळ तयार होते.

आता किराण्याची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. ‘पीठ दोन किलो’ असे लिहायचे होते आणि चुकून ‘मीठ दोन किलो’ लिहिले गेले. बदलले एकच अक्षर, पण घरी आलेल्या पिशवीतून भाकरी होणार नाही. दुकानदाराचा दोष नाही, पिशवीचा नाही, चिठ्ठी आणणाऱ्या पोराचाही नाही. सिकलसेलमध्ये नेमके हेच घडते.

सहावा मणी

आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. एकाच पेशीत त्याचे पंचवीस कोटींच्या वर कण असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचे काम. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक कणात चार माळा असतात : दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी असतात.

सिकलसेलमध्ये बीटा माळेच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन नावाचा मणी येतो. बाकीचे १४५ मणी जागच्या जागी असतात. पण हा नवा मणी पाण्यापासून दूर पळणारा आणि शेजारच्या कणाला चिकटणारा आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब, ताठ दोरे होतात. दोऱ्यांनी आतून ताणली गेलेली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात. त्यावरून सिकलसेल हे नाव पडले.

प्राणवायू मिळाला की पेशी पुन्हा गोल होते. पण असे वारंवार झाले की ती कायमची वाकडीच राहते. गोल आणि लवचीक पेशी केसासारख्या बारीक रक्तवाहिनीतूनही सहज सरकते. विळ्यासारखी पेशी अडते. तिच्यामागे दुसरी अडते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. हाडे, छाती, पोट, पाठ, कुठेही. यालाच डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो : हे दुखणे खोटे नसते. शाळेला दांडी मारायचे ते निमित्त नसते. अंगावर जखम दिसत नसली तरी आत रक्त अडलेले असते.

दुसरी गोष्ट, चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. शरीर कितीही वेगाने नवे रक्त तयार करो, तोटा भरून निघत नाही. त्यामुळे रुग्णाच्या अंगात रक्त कमी असते आणि फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे दिसतात. ही पिवळी झाक दर वेळी साथीच्या काविळीची नसते. तिच्यासाठी झाडपाला पाजत बसू नये.

कारण कसे सापडले

१९१० साली अमेरिकेतील शिकागो शहरात डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नाही, तिच्यातल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका प्रथिनाच्या कणात आहे, असे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. काही वर्षांनी केंब्रिज येथे व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका बदललेला मणी शोधून काढला.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये हा बदल आढळला. १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्या भागात हा आजार माहीत होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी आजही कितीतरी मुलांचे निदान उशिरा होते.

आपल्याच समाजात का?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र मोठ्याने द्यायला हवे. सिकलसेल मागच्या जन्मीच्या पापाने होत नाही, अस्वच्छतेने होत नाही, आणि त्यात कमीपणाचे काही नाही.

जनुकात असे बदल माणसांत होतच असतात. बहुतेक बदल पुढे टिकत नाहीत. हा टिकला, त्याला कारण मलेरिया. आईवडिलांपैकी एकाकडूनच बदललेले जनुक मिळालेल्या मुलांना जीवघेणा मलेरिया कमी होतो, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. म्हणून जिथे शतकानुशतके मलेरियाने माणसे मेली, तिथे हे जनुक टिकून राहिले : आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राकाठचे देश आणि आपल्याकडचा जंगलपट्टा. आपल्या पूर्वजांची लेकरे ज्या जनुकामुळे तापातून वाचली, तेच जनुक दुहेरी आले की आजार होतो.

महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि तिकडे धुळे-नंदुरबार या जिल्ह्यांत हा आजार जास्त आढळतो. आदिवासी समाज आणि आपला बौद्ध समाज यांच्यात प्रमाण अधिक आहे, पण इतर जातींतही तो आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्ने झाली, त्यामुळे जनुक त्या त्या समाजात फिरत राहिले. जात माणसाने केली. जनुकाला जात नाही.

कामधंद्यासाठी विदर्भातून मुंबई, पुणे, सुरतेकडे गेलेल्या कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावे. जिथे हा आजार कमी दिसतो तिथल्या डॉक्टरांच्या मनात तो लगेच येईलच असे नाही. मुलाला वारंवार सांधेदुखी, पिवळे डोळे, रक्त कमी असे होत असेल तर ‘आमचे मूळ गाव विदर्भातले आहे, सिकलसेलची तपासणी करू का?’ असे आपणहून विचारावे.

आई की वडील? दोघेही

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची आणि एक वडिलांची. चांगल्या प्रतीला ए म्हणू, बदललेल्या प्रतीला एस.

दोन्ही प्रती चांगल्या असतील तर तो एए, म्हणजे निरोगी. एक चांगली आणि एक बदललेली असेल तर तो एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर तो एसएस, म्हणजे रुग्ण.

वाहक हा रुग्ण नव्हे. त्याच्या पेशींत चांगले हिमोग्लोबिन पुरेसे असते. तो शेती करतो, हमाली करतो, खेळतो, नोकरी करतो. त्याला औषध लागत नाही. एएस माणूस पुढे एसएस होत नाही, हेही पक्के लक्षात ठेवावे.

आता लग्नाचा हिशेब पाहू.

• एएस आणि एए : प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. रुग्ण होत नाही.
• एएस आणि एएस : प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता रुग्णाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के निरोगी मुलाची.
• एसएस आणि एए : सर्व मुले वाहक. रुग्ण होत नाही.
• एसएस आणि एएस : ५० टक्के शक्यता रुग्णाची, ५० टक्के वाहकाची.

‘पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन सुखरूप होतील’ असा समज आहे. तो चुकीचा आहे. नाणे उडवताना मागच्या वेळी छापा पडला हे नाण्याला आठवत नसते. तसेच दर गर्भारपणात हिशेब नव्याने सुरू होतो.

आणि हा हिशेब पाहिल्यावर एक गोष्ट उघड होते. मूल एसएस आहे याचा अर्थ एक एस आईकडून आला आणि एक वडिलांकडून आला. एकट्या आईमुळे मूल एसएस होत नाही. ज्या घरात सुनेला ‘तुझ्यामुळे झाले’ असे ऐकवले जाते, त्या घरात हे वाक्य कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे.

औषध नेमके कुठे काम करते?

सिकलसेलचे बाळ जन्मतः धडधाकट दिसते. सहाएक महिन्यांनंतर हातापायांची बोटे सुजणे, रडणे, ताप सुरू होतो. असे का? कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा माळ नसतेच, तिच्या जागी गॅमा माळ असते. जन्मानंतर हळूहळू गॅमाची चिठ्ठी बंद होते, बीटाची सुरू होते आणि मग दोष बाहेर येतो.

गर्भातले हे हिमोग्लोबिन मोठेपणीही ज्यांच्या रक्तात जास्त राहते, त्यांना त्रास कमी होतो. ते चिकटणाऱ्या कणांच्या मध्ये येते आणि दोरे होऊ देत नाही. मग बंद झालेली ती चिठ्ठी पुन्हा थोडी उघडता येईल का? हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः तेच करते. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीत या औषधाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडे नागपुरात लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात कमी मात्रेतही झटके आणि रक्त चढवण्याची गरज घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘ही तर कॅन्सरची गोळी’ म्हणून अनेक घरांत हे औषध बंद केले जाते. रक्ताच्या काही कर्करोगांत ते वापरतात हे खरे. पण सिकलसेलमध्ये त्याची मात्रा आणि हेतू वेगळा आहे. मात्र ते मनाने सुरू करू नये, मनाने थांबवू नये. ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी करावीच लागते, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावे. गर्भारपणात हे औषध चालत नाही.

आजार मुळापासून घालवणारा उपचार म्हणजे अस्थिमज्जा बदलणे. रक्त अस्थिमज्जेत तयार होते, म्हणून निरोगी किंवा वाहक भावंडाची जुळणारी मज्जा दिली की नव्या चिठ्ठीप्रमाणे रक्त तयार होऊ लागते. पण सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. शिवाय खर्च आणि धोका दोन्ही आहेत.

आता चिठ्ठीच दुरुस्त करण्यापर्यंत शास्त्र पोचले आहे. रुग्णाच्याच मज्जेतील मूळ पेशी काढून, गॅमाची चिठ्ठी बंद ठेवणारी कळ क्रिस्पर तंत्राने निकामी करतात आणि त्या पेशी परत देतात. या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. तेथील किंमत सुमारे बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. पेशी परत देण्याआधी कर्करोगासारखी जहाल औषधे घ्यावी लागतात. वाट खरी आहे, पण आज ती आपल्या दारापर्यंत आलेली नाही.

नवे म्हणजे चांगलेच, असेही नाही. हिमोग्लोबिनचे कण चिकटू नयेत म्हणून तयार केलेल्या व्हॉक्सेलोटर या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली होती. त्याने रक्ताचा आकडा वाढे. पण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. तेव्हा ‘सिकलसेल महिन्यात बरा’ अशी पुडी विकणाऱ्याला पैसे देण्याआधी दहा वेळा विचार करा.

घरी काय करावे

पेशी वाकडी कशाने होते, हे कळले की पथ्य पाठ करावे लागत नाही. अंगात पाणी कमी झाले, थंडी वाजली, ताप आला, अतिश्रम झाले की दोरे लवकर जमतात. म्हणून :

• दिवसभर थोडे थोडे करून भरपूर पाणी प्यावे. मुलासोबत शाळेत बाटली द्यावी आणि लघवीला जाऊ देण्याविषयी शिक्षकांना सांगून ठेवावे.
• थंडीपावसात अंग उबदार ठेवावे. दुखऱ्या भागावर बर्फ लावू नये, कोमट शेक द्यावा.
• डॉक्टरांनी दिलेली फोलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र रुग्णाने तपासणीशिवाय घेऊ नयेत.
• लहान मुलांच्या लसी चुकवू नयेत. न्यूमोनियापासून वाचवणारी लस आणि पाच वर्षांपर्यंतचे पेनिसिलिन यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

खालीलपैकी काही दिसले तर घरी थांबू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे : १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप लागणे, एक हात, एक पाय किंवा तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, मूल एकाएकी पांढरेफटक पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, गोळीने न थांबणारी वेदना, पुरुषाच्या लिंगाला तासन्‌तास वेदनादायक ताठरता. शेवटच्या तक्रारीत लाजेपायी उशीर केल्यास कायमचे नुकसान होते.

तपासणी कोणती?

सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी फक्त एस आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत कळते. एचपीएलसीत थॅलेसेमियाचा वाहकही सहसा ओळखू येतो. सिकलसेलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून पहिल्या चाचणीवर थांबू नये.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. मिळालेले कार्ड रेशनकार्डासारखे जपून ठेवावे.

दोघेही वाहक असलेल्या जोडप्याने दिवस राहिल्यावर लगेच डॉक्टरांना सांगावे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक अंश तपासून गर्भाचे जनुक कळू शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. सासूचा नाही, वस्तीचाही नाही.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

*सिकलसेल लागण होऊन पसरतो का?*
नाही. एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने, स्पर्शाने, शरीरसंबंधाने तो लागत नाही. तो फक्त जन्मतः आईवडिलांकडून येतो.

*मुलगी एएस आहे. लग्न कसे होणार?*
इतर मुलींसारखेच. मुलाची तपासणी एए आली आणि थॅलेसेमियाचा दोष नसला तर मुले रुग्ण होणार नाहीत. अट घालायचीच तर दोघांच्याही रक्ततपासणीची घाला. मुलीचा अहवाल मागायचा आणि मुलाचा दाखवायचा नाही, हा व्यवहार बंद व्हायला हवा.

*रुग्णाला सरकारी सवलत मिळते का?*
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. ठरावीक टक्केवारीचे प्रमाणपत्र मिळाल्यास लाभ घेता येतात. परीक्षेतील जादा वेळ, प्रवास सवलत यांचे नियम जिल्हा रुग्णालयात विचारून घ्यावेत. हे लाभ रुग्णांसाठी आहेत, वाहकांसाठी नाहीत.

*एसएस मुलगा किती जगेल?*
हा प्रश्न आईबाप रडत विचारतात. वर्षांचा आकडा कुणी सांगू नये. लवकर निदान, लसी, नियमित औषध आणि तापात धावपळ, एवढे झाले तर एसएस मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. निदान न झालेले आणि औषध सोडलेले मूल मात्र धोक्यात असते.

कुंडली पाहणे आपण सोडले, त्याला आता पिढ्या झाल्या. तिच्या जागी रक्ताचा अहवाल यावा, एवढेच आमचे सांगणे. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा लग्नाच्या वयाच्या पोरापोरींची नावे लिहून घ्या, आशाताईंना बोलवा आणि तपासणीचा दिवस ठरवा. रक्ताचे काही थेंब द्यावे लागतात. त्यात ज्याचा अहवाल एएस येईल, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू नका.